पेन्शनवाले पहारेकरी आणि दहा एकर वाळू

सातासमुद्री (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो. आज लिहायला बसलो त्याला कारण झालं कढीपत्ता.

पर्थला येऊन अकरा वर्षं झाली, पण घरामागच्या जागेत कढीपत्त्याचं झाड काही जगत नाही. चौथं रोप परवा गेलं. इथली माती म्हणजे नुसती वाळू, आणि ती वाळू पाणी पीत नाही. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना पटणार नाही, पण उन्हाळ्यात तिच्यावर बादली ओतली की पाण्याचे मणी होऊन पाऱ्यासारखे घरंगळत जातात. बोटभर उकरावं तर खाली कोरडं ठणठणीत. मी मेंढ्यांच्या खताचं पोतं फोडत होतो तेव्हा कुंपणापलीकडचे आजोबा म्हणाले, "अशीच दहा एकर वाळू सरकारने माझ्या खापरपणजोबाला दिली होती. बक्षीस म्हणून." आजोबा ऐंशीच्या पुढचे, जन्म इथलाच. त्यांचा खापरपणजोबा 'पेन्शनर गार्ड' होता. मी हा शब्द पहिल्यांदाच ऐकत होतो. मग वाचायला लागलो आणि त्यातच रमलो.

ऑस्ट्रेलिया आणि कैदी म्हटलं की आपल्याला सिडनी आठवतं. पण पश्चिमेकडची ही स्वान नदीची वसाहत १८२९ मध्ये सुरू झाली ती कैद्यांशिवाय. 'आम्ही स्वतंत्र माणसं' असा तोरा होता. वीस वर्षांत तो उतरला. माणसं नाहीत, मजूर नाहीत, रस्ते नाहीत, बंदर धड नाही. सगळ्या वसाहतीत गोरी वस्ती पाचसहा हजारांची. शेवटी जमीनदारांनीच विलायतेला अर्ज केला, कैदी पाठवा म्हणून. न्यू साउथ वेल्सने १८४० मध्ये जे बंद करवलं ते यांनी १८५० मध्ये मागून घेतलं.

१ जून १८५० ला 'सिंडियन' नावाचं जहाज पर्थच्या बंदराला, फ्रीमँटलला लागलं. त्यात ७५ कैदी होते. त्यांच्यावर पहारा करायला निवृत्त शिपाई, आणि या शिपायांबरोबर त्यांच्या बायका नि मुलंबाळं. म्हणजे कैद्यांपेक्षा पहारेकऱ्यांचा कबिला मोठा! गावात तयारी शून्य. तुरुंगच नव्हता, तर ठेवायचं कुठे? बंदर-अधिकाऱ्याचं लोकरीचं गोदाम होतं, त्यात सोय केली. पुढे १८५२ पासून १८५९ पर्यंत कैद्यांनी टेकडीतला चुनखडीचा दगड काढून स्वतःसाठी तुरुंग बांधला. सात फूट लांब, चार फूट रुंद कोठडी. मी आत उभा राहून हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकले.

पण मला सांगायचंय ते बाहेर बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाबद्दल.

हा माणूस फौजेत एकवीस वर्षं काढून बाहेर पडलेला. कुणी अफगाणिस्तानात गेलेला, कुणी पंजाबात शिखांशी लढलेला, पुढच्या खेपांमधले काही क्रिमियातून आलेले. बरेचसे आयरिश. पेन्शन दिवसाला सहा पेन्सपासून शिलिंगाच्या आसपास, जशी नोकरी आणि जशी जखम तशी. तेवढ्यात विलायतेत कुटुंब चालत नसे. सरकारने सौदा पुढे केला: कुटुंबासह फुकट प्रवास, जहाजावर कैद्यांवर पहारा, उतरल्यावर सुरुवातीचे काही महिने कामाची हमी आणि दहा एकरांपर्यंत जमीन. सात वर्षं राहून ती कसली की मालकी तुमची. त्या बदल्यात दरवर्षी ठरलेले दिवस कवायत, आणि बोलावणं आलं की बंदूक घेऊन हजर. पेन्शन चालूच. १८५० ते १८६८ या काळात असे हजाराच्या वर शिपाई इथे आले. त्यांचा प्रमुख होता कॅप्टन जॉन ब्रूस.

कागदावर फार छान. पण वाळूत गहू येत नाही हो. फ्रेशवॉटर बे नावाच्या जागी (आज तिथे शहरातली सगळ्यात महागडी घरं आहेत) या लोकांना नदीकाठी घरापुरता तुकडा दिला आणि शेतीची जमीन दिली दूर दलदलीच्या कडेला. चाळिशी उलटलेला माणूस, अर्ध्या आयुष्यात बंदुकीखेरीज काही हातात धरलेलं नाही, तो आता झाडं तोडून वाळूत बटाटे लावणार. बायको पाणी वाहणार. आणि मधूनच फ्रीमँटलला पहाऱ्याला जायचं.

मला राहून राहून एक चित्र दिसतं. जानेवारीतली दुपार, पांढरा चुनखडीचा दगड, डोळे उघडवत नाहीत. खाली कैदी सुतकी हाणतोय, वर पेन्शनर उभा. दोघेही आयर्लंडच्या कुठल्यातरी खेड्यातले असू शकतात. दोघेही घामाने निथळताहेत आणि दोघेही दुपारच्या समुद्रवाऱ्याची वाट बघताहेत. त्या वाऱ्याला इथले लोक आजही 'फ्रीमँटलचा डॉक्टर' म्हणतात. फरक एवढाच, की कैद्याचं जेवण सरकारकडून येतं आणि पेन्शनरला पीठ विकत घ्यावं लागतं.

जाणकारांनी भर घालावी.

---

हवालदार_तात्या

सातासमुद्री साहेब, लेख एका दमात वाचला. माझ्यासाठी तर ही घरचीच गोष्ट. सतरा वर्षं मराठा लाइट इन्फंट्री, एकेचाळिसाव्या वर्षाला घरी. आता गावातल्या बँकेच्या दारात डबल बार घेऊन बसतो. 'म्हातारे शिपाई' असं कुठं वाचलंत तर विश्वास ठेवू नका. पलटणीतून सुटलेला माणूस म्हातारा नसतो, त्याची पोरं शाळेत असतात. पेन्शनीवर दूध आणि वीजबिल भागतं, पोरीची फी नाही भागत. म्हणून पुन्हा बंदूक.

एक विचारायचं होतं. त्या लोकांना पेन्शन विकता येत होती का? आम्हाला निम्म्यापर्यंत विकता येते, पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होते. मी विकली आणि घराचा स्लॅब टाकला. अजून बायको त्यावरून बोलते.

---

सातासमुद्री

तात्या, मोठा प्रश्न विचारलात. या सगळ्या योजनेचं मूळ तिथंच आहे.

१८३० च्या सुमारास विलायत सरकारने पेन्शनरांना सांगितलं, कायमची पेन्शन सोडा, ठोक रक्कम घ्या, कॅनडाला जा, जमीन करा. हजारोंनी विकली. पुन्हा सुरू होण्याचा वगैरे प्रश्नच नव्हता, विकली ती विकली. कुणाचे पैसे बंदरावरच दारूत गेले, कुणाचे जंगल तोडण्यात. माणसं भिकेला लागली. वसाहतीतलं सरकार म्हणे आमचा संबंध नाही, लंडनचं म्हणे तुम्ही सही केलीत.

त्या ठेचेनंतर धोरण उलटं केलं. पेन्शन विकत घेऊ नका, चालू ठेवा, आणि तिच्या दोरीने माणूस बांधून ठेवा. १८४३ मध्ये कायदा करून पेन्शनरांची नावं नोंदवली, गावोगाव तुकड्या केल्या. दंगा झाला की हेच लोक उभे करायचे. फौजेपेक्षा स्वस्त. मग तेच गणित वसाहतींना लावलं. न्यूझीलंडात ऑकलंडभोवती १८४७ पासून पेन्शनरांची गावं वसवली, १८४९ मध्ये फॉकलंड बेटांवर काही कुटुंबं पाठवली, आणि १८५० ला इथे. कवायतीला आला नाहीस, बेशिस्त वागलास, तर पेन्शनीला धक्का. तोफेपेक्षा ही धमकी जास्त चालत असणार.

---

हवालदार_तात्या

चालतेच. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला रांगेत उभं राहा म्हणजे कळेल. शत्रूसमोर न हललेली माणसं 'अंगठा जुळत नाही' म्हटल्यावर कशी हलतात.

---

कुंपणावरची

छान धागा, वाचनखूण साठवली. पण दोघांच्याही बोलण्यात बायका फक्त 'पाणी वाहणार' एवढ्याच आहेत! जहाजावर तीन महिने पोराबाळांना घेऊन, खाली दोनतीनशे कैदी, वर नवरा पहाऱ्यावर. यांचं काय? आणि नवरा मेला की पेन्शनीचं काय होई?

---

सातासमुद्री

ताई, कान पकडलेत ते बरं केलंत.

त्या काळच्या ब्रिटिश फौजेत साध्या शिपायाला लग्नाची परवानगी सहजी मिळत नसे. शंभरात सहाएक जणांच्या बायका फौजेच्या नोंदवहीवर असत. त्यांना बराकीत जागा आणि शिध्यातला वाटा. बाकीच्यांनी लग्न केलंच तर ती बायको फौजेच्या हिशेबी अस्तित्वात नाही. बराकीतली जागा म्हणजे तरी काय, शिपायांच्याच खोलीच्या कोपऱ्यात आडवी बांधलेली चादर. त्यामुळे दोन खोल्यांचं का होईना स्वतःचं घर, त्याला दार, आणि दाराला आतून कडी हे त्या बायकांना काय वाटलं असेल याचा अंदाज करा. माझ्या मते ही योजना नवऱ्यांपेक्षा बायकांनी जास्त पसंत केली असावी. हा माझा तर्क, कागद नाही.

वसाहतीलाही त्या हव्याच होत्या. इथे आलेले साडेनऊ हजारांहून जास्त कैदी, सगळेच्या सगळे पुरुष. बायकांना कैदी म्हणून इथे पाठवलंच नाही. पेन्शनरांच्या मुली आल्या नसत्या तर पुढची पिढी अवघडच होती.

आणि नवरा गेला की पेन्शन त्याच्याबरोबर गेली. साध्या शिपायाच्या विधवेला फॅमिली पेन्शन हा प्रकारच नव्हता. जमिनीची सात वर्षं भरलेली असली तर ती वाळू तरी हातात. नसली तर धुणी.

---

उगाच_शंका

धागा माहितीपूर्ण, पण सहानुभूतीची फोडणी जरा जास्त झालीय. हे लोक साम्राज्याचे भाडोत्री. आपल्याकडे गोळ्या घालून तिकडे जमीन घ्यायला गेले. दहा एकर सरकारने दिली म्हणता, ती सरकारची होती कधी?

---

सातासमुद्री

नव्हती. स्वान नदीकाठ व्हाजुक नूंगार लोकांचा. ज्याला मी फ्रेशवॉटर बेची दलदल म्हटलं ती त्यांच्या अन्नपाण्याची जागा. समोरच्या रॉटनेस्ट बेटावर, मूळ नाव वाजेमप, १८३८ पासून खास आदिवासींसाठी तुरुंग होता. तो १९३१ पर्यंत चालला. आज लोक तिथे सायकली फिरवायला आणि तिथल्या गोंडस प्राण्याबरोबर सेल्फी काढायला जातात. मीही काढलाय. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं.

पण 'भाडोत्री' एवढं म्हणून विषय संपत नाही, शंकाराव. तो शिपाई वरून दाबलेला आणि खाली दाबणारा होता, एकाच वेळी. मला रस आहे तो त्यातच.

---

आंबा_फणस_कोकम

मी दापोलीचा. आमच्याकडे जुने लोक अजून 'काप दापोली' म्हणतात. काप म्हणजे कॅम्प. पेशवाई गेल्यावर दक्षिण कोकणची छावणी इथे पडली. पुढे नियमित फौज हलली तरी निवृत्त, अधू शिपायांची पलटण इथे होती. त्यामुळे दापोली म्हणजे पेन्शनरांचं गाव झालं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ महूला निवृत्त झाल्यावर आधी दापोलीलाच आले ते उगाच नाही. महार पलटणींतून सुटलेल्यांची इथे वस्तीच होती. आणि त्यांनाही पेन्शनीत भागलं नाही, पुढे साताऱ्याला स्टोअरकीपरची नोकरी धरावी लागली.

म्हणजे कंपनी सरकारची ही जुनी सवय दिसते. सुटलेला शिपाई वाऱ्यावर सोडायचा नाही, पण पोटभरही द्यायचं नाही. हाकेच्या अंतरावर ठेवायचा.

---

सातासमुद्री

क्या बात! 'हाकेच्या अंतरावर' हा शब्द मी माझ्या लेखात वापरायला हवा होता.

कंपनीवरून आठवलं. इथे आलेल्या पेन्शनरांत नुसते राणीच्या फौजेतले नव्हते, ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींतले आणि तोफखान्यातलेही होते. त्या पलटणी बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्या. म्हणजे पुणे-खडकीची धूळ खाल्लेली माणसं पर्थच्या वाळूत बटाटे लावत असणं अगदी शक्य आहे.

आता कंपनीच्या जायबंदी शिपायांची पेन्शन कुठून येई? 'लॉर्ड क्लाइव्ह फंड' नावाचा निधी होता, १७७० मध्ये सुरू झालेला. पैसे कुणाचे? मीर जाफरने मरताना क्लाइव्हच्या नावे पाच लाख रुपये ठेवले होते ते. कंपनीच्या नोकरांना भेटी घेण्याची बंदी, म्हणून क्लाइव्हने ते स्वतः न घेता निधीत घातले. म्हणजे मुर्शिदाबादचा पैसा, त्यावर आयरिश शिपाई, आणि तो शिपाई नूंगार लोकांच्या जमिनीवर इंग्रज कैद्यावर पहारा करतोय. पुढे कंपनी बुडाल्यावर क्लाइव्हच्या वारसांनी मूळ रकमेवर दावा लावला आणि जिंकला! तात्या, पेन्शन कशी ठेवावी हे त्या वारसांकडून शिकावं.

---

हवालदार_तात्या

😀 आमच्या मुकादमाला वाचून दाखवतो.

---

रात्रपाळी

अंदमानचं काय? तिथेही असेच पेन्शनर होते का? सावरकरांच्या संदर्भात पेटी अफसर, तांडेल, वॉर्डर हे शब्द वाचलेत, पण ते वेगळे वाटतात.

---

सातासमुद्री

वेगळेच. १० मार्च १८५८ ला डॉ. वॉकर दोनशे कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला, तेव्हा सोबत नौदलातले गोरे पहारेकरी होते. पण पुढे अंदमानात रोजचं राज्य चालवलं ते कैद्यांमधूनच बढती दिलेल्यांनी. वॉर्डर, पेटी अफसर, तांडेल, जमादार हे सगळे स्वतः शिक्षा भोगणारे. कैद्याला कैदी राखायला लावणं सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात क्रूर, कारण वरच्याला खूश ठेवल्याशिवाय त्याची स्वतःची सुटका नाही.

इथे आतल्या कामाला पगारी वॉर्डर आणि बाहेरच्या पहाऱ्याला पेन्शनर अशी विभागणी होती. इथला बराचसा कैदी 'तिकीट ऑफ लीव्ह' (अटींवर सुटीचा परवाना) मिळवून बाहेर मजुरीही करू शकत असे. आणि गंमत बघा, रविवारी ज्याच्यावर बंदूक रोखून उभं राहायचं, तोच सोमवारी तिकीट घेऊन शेतमजुरीला आला की पेन्शनरच्या मुलाचं काम हिसकावणार, तेही कमी रोजात. पेन्शनरांची या वसाहतीबद्दलची कुरकुर यातूनच.

---

उगाच_शंका

बरं, एक खरी शंका. आयरिश शिपाई आयरिश कैद्यांवर पहारा करताना कधी फुटले नाहीत? १८५७ चा अनुभव ताजा असताना सरकारने एवढा विश्वास ठेवला?

---

सातासमुद्री

याच प्रश्नाची वाट बघत होतो. ही कॅटाल्पाची गोष्ट.

शेवटचं कैदी जहाज 'हूगोमाँट', जानेवारी १८६८. त्यात ६२ फीनियन होते, आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी कट केलेले. त्यांतले काहीजण तर स्वतः ब्रिटिश फौजेतले, फितुरीबद्दल शिक्षा झालेले. म्हणजे पहाऱ्यावर माजी शिपाई आणि बेड्यांतही माजी शिपाई. जहाजावर या लोकांनी हस्तलिखित साप्ताहिक काढलं. पर्थमध्ये घबराट उडाली की हे उतरले की पेन्शनरांतले आयरिश त्यांना सामील होणार. तसं काही झालं नाही. साध्या फीनियनांना पुढे माफी मिळाली, फौजेतून आलेल्यांना नाही. शिपायाला माफी नसते.

त्यांतला एक, जॉन बॉइल ओ'रायली, १८६९ मध्येच एका अमेरिकन जहाजावरून निसटला आणि बोस्टनला जाऊन नामांकित संपादक झाला. अमेरिकेतल्या आयरिशांनी वर्गणी काढली, देवमासे मारणारं 'कॅटाल्पा' नावाचं जहाज विकत घेतलं, कॅप्टन जॉर्ज अँथनीला दिलं. १७ एप्रिल १८७६, ईस्टरचा सोमवार. पर्थमध्ये होड्यांच्या शर्यती, अर्धं गाव नदीवर. तुरुंगाबाहेर कामाला असलेले सहाजण बग्गीतून रॉकिंगहॅमच्या किनाऱ्यावर पोचले, वल्ह्याच्या होडीत बसले आणि रात्रभर वादळात वल्ही मारत राहिले.

मागे 'जॉर्जेट' नावाची आगबोट सुटली. तिच्यावर पोलीस आणि आपले पेन्शनर गार्ड. पहिल्या दिवशी कोळसा संपत आला म्हणून परत. १९ एप्रिलला तोफ चढवून पुन्हा. कॅटाल्पाच्या पुढून इशाऱ्याचा गोळा टाकला. अँथनीने डोलकाठीवरच्या अमेरिकन झेंड्याकडे बोट केलं: हा खुला समुद्र आहे, या झेंड्यावर गोळी म्हणजे अमेरिकेवर गोळी. जॉर्जेट काही वेळ बाजूने चालत राहिली आणि वळली.

आता त्या डेकवरचा पेन्शनर डोळ्यांसमोर आणा. शेवटच्या जहाजालाही आठ वर्षं होऊन गेलेली, म्हणजे हा आता पन्नाशीच्या पुढचा. गुडघे दुखताहेत, बंदूक भरलेली आहे, हातभर पाण्यापलीकडे ते सहाजण कठड्याशी उभे आहेत. हुकूम आला असता तर त्याने गोळी झाडली असती, यात मला शंका नाही. हुकूम आला नाही. घरी जाऊन त्याने त्या रात्री बायकोला काय सांगितलं असेल, आणि ती बायको आयरिश असली तर ती काय म्हणाली असेल, याचा विचार मी अधूनमधून करतो.

(अवांतर: तीच जॉर्जेट त्याच वर्षी १ डिसेंबरला दक्षिणेकडे बुडाली.)

---

कुंपणावरची

ती म्हणाली असेल, "बरं झालं, जेवायला वाढू का?"

---

हवालदार_तात्या

+१ ताई. एकदम.

साहेब, पुढं या पलटणीचं काय झालं?

---

सातासमुद्री

कैदी येणं बंद झालं, राखायला कैदी कमी, पेन्शनर एकेक करून कमी. १८८० मध्ये दल मोडून उरलेल्यांतून 'एन्रोल्ड गार्ड' अशी छोटी तुकडी केली, ती १८८७ मध्ये गुंडाळली.

खुणा थोड्याच. बॅसेनडीन उपनगरात १८५७ चं एक विटांचं पेन्शनर-घर जपून ठेवलंय. क्लेअरमाँटला १८६२ ची छोटी शाळा आहे, कैदी आणि पेन्शनर दोघांनी मिळून बांधलेली. आज तिथे संग्रहालय आहे. तिकडे आत जाऊन यायला अर्धा तासही लागत नाही, पण मला ती इथल्या मोठ्या दगडी तुरुंगापेक्षा जास्त आवडते.

आणि पर्थमध्ये मुख्य रस्त्याच्या टोकाला एक कमान. १८६० च्या दशकात तिथे पेन्शनरांची भलीमोठी बराक बांधली होती, दोन रंगांच्या विटा बुद्धिबळाच्या पटासारख्या आलटून पालटून लावलेल्या. १९६६ मध्ये फ्रीवे काढायला पाडली. लोकांनी आरडाओरडा केला, त्यातून मधली कमान तेवढी वाचली. मागे लगेच खड्डा, खड्ड्यात आठ पदरी रस्ता, पलीकडे विधानसभा. मंत्र्यांचं म्हणणं होतं की ती कमान विधानसभेच्या दर्शनाच्या आड येते. अजूनही येते. मी रोज सकाळी बसमधून बघतो.

---

रात्रपाळी

म्हणजे मेल्यावरसुद्धा पहाऱ्यावर. सुंदर धागा, पुढील लेखनास शुभेच्छा.

---

आंबा_फणस_कोकम

सातासमुद्री, कढीपत्त्याचं झालं का काही? कोकणी सल्ला: वाळूत लावू नका, जुन्या पिंपात लावा. तळाला नारळाच्या शेंड्या.

---

सातासमुद्री

पिंप आणलंय. शेंड्या शेजारच्या आजोबांनी दिल्या. पोत्याने विकत मिळतात इथे, काय सांगू.

तात्या, एक विचारू? तुम्ही त्या जागी असता, सहा पेन्स पेन्शन, चार पोरं, आणि कुणी हा कागद पुढे केला असता, तर गेला असता का?

---

हवालदार_तात्या

आधी सांगा, सात वर्षांनी उताऱ्यावर नाव खरंच लागत होतं का? का तलाठ्याकडं खेटे?

---

सातासमुद्री

ज्यांनी घर बांधलं, कुंपण घातलं, टिकून राहिले त्यांच्या नावावर झाली. बरेच त्याआधीच वाळूला कंटाळून गावात मजुरीला गेले.

---

हवालदार_तात्या

मग गेलो असतो. बायकोला विचारलं, ती म्हणाली आधी पाणी किती लांब ते विचारा.

असो. साडेनऊ झाले, शटर उघडायचंय.